संगणकीय दस्तऐवजातील चित्रे व समास : अचूक जुळणीची पद्धती

प्रस्तावना :
संशोधन प्रबंधात नकाशे, आलेख व छायाचित्रे यांना पुराव्याचे स्थान असते. तथापि संहितेच्या शुद्धतेकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे चित्रांच्या मांडणीकडे दिले जात नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या एम.फिल. प्रबंधातील नकाशे माउसने ओढून, केवळ नजरेच्या अंदाजाने बसविले होते. बांधणीनंतर दोन नकाशांच्या डाव्या कडेवरील गावांची नावे शिलाईत गेली आणि सर्व प्रती नव्याने बांधून घ्याव्या लागल्या. दोष बांधणी करणाऱ्याचा नव्हता, मांडणीचा होता. म्हणून मायक्रोसॉफ्ट वर्डच्या संदर्भात या विषयाचे विवेचन येथे केले आहे.

चित्राची दोन रूपे :
वर्डमध्ये चित्र सामान्यतः 'इन लाइन विथ टेक्स्ट' या रूपात येते. असे चित्र म्हणजे ओळीतील एक मोठे अक्षरच होय. त्यामुळे त्यास परिच्छेदाचे सर्व नियम लागू होतात. परिच्छेदाची पहिली ओळ १.२७ से.मी. आत असेल, तर चित्रही तेवढेच आत सरकते. ओळींमधील अंतर 'एक्झॅक्टली' असे निश्चित केलेले असेल, तर चित्राची केवळ एक पट्टी दिसते. दुसरे रूप तरंगत्या चित्राचे. 'रॅप टेक्स्ट'मधून 'स्क्वेअर' निवडल्यास चित्र ओळीतून मुक्त होते. मात्र ते एका परिच्छेदाशी नांगराप्रमाणे बांधलेले राहते.

जुळणीची पद्धती :
१) ओळीतील चित्रासाठी स्वतंत्र परिच्छेद ठेवावा. त्याचे सर्व इंडेंट शून्य करावेत व ओळींमधील अंतर 'सिंगल' ठेवावे.
२) तरंगत्या चित्रासाठी 'लेआउट' चौकटीतील 'पोझिशन' विभागात आडवी जुळणी 'लेफ्ट' व तिचा आधार 'मार्जिन' निवडावा. आधार 'पेज' राहिल्यास चित्र कागदाच्या कडेला जाऊन भिडते. दोन स्तंभांच्या लेखात 'कॉलम' हा आधार योग्य ठरतो.
३) रुंदी गणिताने ठरवावी. ए-४ कागदाची रुंदी २१ से.मी. असते. बांधणीसाठी डावा समास ३.८१ व उजवा २.५४ से.मी. ठेवल्यास मजकुरास १४.६५ से.मी. उरतात. पूर्ण रुंदीच्या चित्रास हाच आकडा द्यावा. 'लॉक आस्पेक्ट रेशो' चालू ठेवल्यास उंची प्रमाणात बदलते.
४) स्कॅन केलेल्या नकाशाभोवती पांढरी किनार असते. संगणक त्या किनारीची कड समासाशी जुळवितो, डोळ्यांस मात्र नकाशा आत सरकलेला दिसतो. म्हणून प्रथम 'क्रॉप' करून किनार काढावी आणि नंतरच रुंदी द्यावी.

लिबरऑफिस रायटरमध्येही हेच तत्त्व आहे. तेथे 'अँकर'मधील 'अ‍ॅज कॅरेक्टर' हा पर्याय ओळीतील चित्राचा होय.

निष्कर्ष :
चित्र समासाशी जुळत नाही, तेव्हा ते ओढण्यापूर्वी ते कोणत्या रूपात आहे हे पाहावे. ओळीतील चित्राचे उत्तर परिच्छेदात असते, तर तरंगत्या चित्राचे आधाररेषेत. नजरेने बसविलेले चित्र मजकुरात एक ओळ वाढली तरी हलू शकते. समासाचा आधार दिलेले चित्र आडव्या दिशेने जागा सोडत नाही. विद्यार्थ्याचा प्रबंध बांधणीस जाण्यापूर्वी मार्गदर्शकाने एवढी तपासणी केली, तरी त्याचे श्रम व खर्च दोन्ही वाचतील.