नाण्या, नाण्या, कुठे कुठे फिरलास?

दोस्तांनो, एक नाणं हातात घ्या आणि त्यावरच्या सालाखाली नीट बघा. चौकटचा बारीकसा आकार दिसला? मग ते मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आपल्या अचलपुरातही मुघलांच्या काळी टांकसाळ होती बरं का! तेव्हाचं एलिचपूर हे नाव तिथल्या नाण्यांवर फारसी लिपीत असे.

म्हणजे नाण्याचं जन्मगाव कळतं. पण मुंबईहून निघालेलं नाणं अमरावतीच्या भाजीबाजारात कोणत्या वाटेनं आलं? ते नाही कळत. तुमच्याजवळचं पाचाचं नाणं आणि तुमच्या मैत्रिणीचं, दोन्ही सारखीच. वेगळी ओळखायची कशी?

जिओकॉइन नावाचं नाणं मात्र आपला सगळा प्रवास सांगतं, कारण प्रत्येक जिओकॉइनवर त्याचा स्वतःचा क्रमांक कोरलेला असतो. हे नाणं जिओकॅशिंग या खेळातलं. कोणीतरी डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतं, आणि बाकीचे जीपीएसच्या मदतीनं ती हुडकतात. खेळ सुरू झाला ३ मे २००० रोजी. त्याच आठवड्यात अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली होती. तोवर लोकांची यंत्रं शंभर मीटरपर्यंत चुकायची! आता ती किती नेमकी झाली हे बघायला डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमधल्या रानात एक बादली लपवली. पुढच्याच वर्षी जिओकॉइन आलं.

समजा, वडाळी तलावाजवळच्या डबीत तुम्हाला असं नाणं सापडलं. ते ठेवून घ्यायचं नाही, पुढे न्यायचं. तुम्ही ते बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला मामाकडे नेलं, तिथल्या डबीत ठेवलं आणि क्रमांक टाकून नोंद केली. रस्त्यानं झाले शंभरेक किलोमीटर. पण नाण्याच्या खात्यात जमा होतील ऐंशीच्या आसपास! संगणकाला फक्त दोन डब्या ठाऊक. तो त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजतो.

आपणही मोजू. अमरावती २०.९३ उत्तर, ७७.७५ पूर्व. अकोला २०.७० उत्तर, ७७.०० पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे साधारण २५. रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून वऱ्हाडात त्यांचा एक अंश १०४ चाच. पश्चिमेकडे झाले ७८. आता पायथागोरसला बोलवा: ८२ किलोमीटर!

नाण्याचा फोटो काढलात तर क्रमांक झाका. नाहीतर नाणं हातात न घेताच कोणीही खोटी नोंद करेल.

एका क्रमांकाला मात्र ही अट नाही. १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानावर खेळाचा क्रमांक असलेली छोटी चकती आहे. यानानं पाठवलेल्या फोटोत तो वाचून खेळाडूंनी नोंदी केल्या. चकतीत अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात ते पॉलिकार्बोनेट आहे. मंगळावर ते किती टिकतं, हे शास्त्रज्ञ तिच्याकडूनच शिकताहेत.