बिल वाचायला लाजू नका

पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये जेवण झाल्यावर चारचौघांत बिल तपासणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. मी मात्र ओळ न् ओळ वाचतो. बहुतेक रेस्टॉरंटांत पाच टक्के जीएसटी असतो. तो सरकारी कर, द्यायलाच हवा. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र कर नव्हे. हजाराच्या जेवणावर दहा टक्क्यांनी शंभर रुपये, वर त्या शंभरावर पाच रुपये जीएसटी! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तेव्हा ‘हा काढा’ असं शांतपणे सांगा. ऐकलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. आणि वाचलेल्या पैशांतून वेटरच्या हातावर खुशीने काहीतरी जरूर ठेवा. दिवसभर उभा तोच असतो.