३,८७५ शस्त्रे आणि १६ खासदार

२६ सप्टेंबर २००१ रोजी मॅसेडोनियातली ‘नाटो’ची तीस दिवसांची शस्त्रसंकलन मोहीम संपली, तेव्हा जमा झालेल्या मालाची यादी अशी होती : ३,२१० रायफली, ४८३ मशीनगन, १६१ उखळी तोफा आणि रणगाडाविरोधी शस्त्रे, १७ विमानविरोधी अस्त्रे, ४ रणगाडे आणि चिलखती गाड्या. एकूण ३,८७५. अल्बेनियन बंडखोरांनी ही शस्त्रे स्वतः आणून दिली होती. आणखी किती दडवून ठेवली, यावर तेव्हा बराच वाद झाला. पण बंडखोरांचे नेते अली अहमेती यांनी लगेच आपली ‘राष्ट्रीय मुक्ती सेना’ विसर्जित केल्याचे जाहीर केले, आणि वर्षभराच्या आत, १५ सप्टेंबर २००२ च्या निवडणुकीत, त्यांच्या नव्या पक्षाचे १६ खासदार १२० जणांच्या संसदेत पोहोचले. पक्षाचे नाव ‘डेमोक्रॅटिक युनियन फॉर इंटिग्रेशन’, म्हणजे डीयूआय.

हा प्रवास समजून घ्यायचा तर आधी दोन निवडणुका शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. १९९८ मध्ये अल्बेनियन पक्षांच्या जागा होत्या १४ आणि ११, एकूण २५. बंडानंतर, २००२ मध्ये, डीयूआयच्या १६, जुन्या दोन पक्षांच्या ७ आणि २, आणखी एका छोट्या पक्षाची १. बेरीज २६. एवढा रक्तपात झाला आणि समाजाच्या पदरात एक जागा जास्त पडली! याचे कारण सरळ आहे. तिथे मतदान जवळजवळ पूर्णपणे वांशिक रेषेवर होते, आणि २००२ च्या जनगणनेत २०,२२,५४७ लोकसंख्येपैकी अल्बेनियन होते २५.१७ टक्के. जागाही साधारण लोकसंख्येच्या प्रमाणातच मिळणार. बंडाने बदलले ते या जागांचे मालक.

बंडाआधी अल्बेनियनांना सत्तेत वाटा नव्हता, असेही नाही. १९९२ पासून प्रत्येक सरकारात त्यांचा एखादा पक्ष होता. मंत्रिपदे होती, पण पोलीस दलातले प्रमाण एकआकडी टक्क्यांत होते, तेतोवोत सुरू केलेले अल्बेनियन भाषेतले विद्यापीठ बेकायदा ठरवले गेले होते, आणि १९९७ मध्ये गोस्तिवारच्या नगरपालिकेवरून अल्बेनियन झेंडा उतरवताना झालेल्या पोलीस कारवाईत तीन माणसे मारली गेली होती. सरकारात बसून दहा वर्षांत जे हलले नाही, ते २००१ च्या जानेवारी ते ऑगस्ट या काळात बंदुकीने हलवले. हे मान्य करायला मला जड जाते, पण आकडे तेच सांगतात.

त्याची किंमतही सांगायला हवी. मृतांचे अंदाज १५० ते २५० च्या दरम्यान आहेत. ऐन भरात सुमारे १,७०,००० लोक घराबाहेर पडले होते. वीस लाखांच्या देशात म्हणजे दर बारा माणसांमागे एक.

१३ ऑगस्ट २००१ ला झालेल्या ओह्रिड करारावर अहमेतींची सही नाही. राष्ट्राध्यक्ष बोरिस त्रायकोव्स्की आणि दोन मॅसेडोनियन, दोन अल्बेनियन पक्षांचे नेते यांनी सह्या केल्या. बंडखोर टेबलावर नव्हते, पण त्यांच्या मागण्या होत्या. जुलै २००२ पर्यंत पोलिसांत अल्पसंख्य समाजांचे ५०० आणि जुलै २००३ पर्यंत आणखी ५०० जण भरायचे. भाषा, शिक्षण, संस्कृती यांवरच्या कायद्यांना संसदेच्या बहुमताबरोबर अल्पसंख्य समाजांतल्या खासदारांचेही बहुमत, म्हणजे दुहेरी बहुमत, लागेल. आणि ज्या नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक २० टक्के असतील, तिथे ती अधिकृत भाषा.

या २० टक्क्यांची ताकद राजधानीत दिसली. २००४ मध्ये नगरपालिकांच्या हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा पश्चिमेकडची सराय आणि कोंडोवो ही अल्बेनियन वस्तीची गावे स्कोपिये शहराला जोडली. नव्या हद्दीत शहराची लोकसंख्या झाली ५,०६,९२६ आणि त्यांत अल्बेनियन १,०३,८९१. म्हणजे २०.४९ टक्के. अर्ध्या टक्क्याने स्कोपिये द्विभाषिक झाले. मॅसेडोनियन विरोधकांनी सार्वमत घडवून आणले, पण ७ नोव्हेंबर २००४ ला जेमतेम २६ टक्के मतदान झाले. वैध ठरायला ५० टक्के हवे होते. एरवी सीमारेषेसाठी जिथे रक्त सांडले असते, तिथे भांडण नकाशा, जनगणना आणि मतपेटी यांच्यावर आले. माझ्या मते ओह्रिडचे खरे यश हेच.

दुहेरी बहुमताचा कस २००६ मध्ये लागला. डीयूआयने सहकारी पक्षासह १७ जागा जिंकल्या, प्रतिस्पर्धी अल्बेनियन पक्षाने ११. पण व्हीएमआरओ या मॅसेडोनियन पक्षाने सरकारात घेतले ते ११ वाल्यांना. डीयूआय महिनोन्‌महिने संसदेबाहेर राहिला, आणि मे २००७ मध्ये समझोता करूनच परतला. त्यापुढच्या निवडणुकीपासून कोणत्याही पंतप्रधानाने त्याला डावलण्याचे धाडस सोळा वर्षे केले नाही. २०१६ मध्ये त्याच्या जागा १९ वरून १० वर आपटल्या, तरी तो सरकारातच. २००२ ते २०२४ या बावीस वर्षांपैकी सुमारे वीस वर्षे हा पक्ष सत्तेत होता. जानेवारी २०१९ मध्ये देशाचे नाव ‘उत्तर मॅसेडोनिया’ करणारी घटनादुरुस्ती ८१ मतांनी मंजूर झाली. ८० मते लागत होती. डीयूआयची मते नसती, तर ती बारगळलीच असती.

एवढ्या सत्तेचे त्यांनी काय केले? इथे पारडे फिरते. समान प्रतिनिधित्वाच्या नावाखाली भरलेल्या हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना बसायला खुर्चीच नव्हती. ते घरी बसून पगार घेत राहिले. हक्काची नोकरी पक्षाच्या चिठ्ठीवर मिळू लागली. २०२१ च्या जनगणनेत निवासी लोकसंख्या १८,३६,७१३ भरली, म्हणजे २००२ पेक्षा १,८५,८३४ ने कमी. अल्बेनियनांचे प्रमाण २४.३० टक्के, परदेशी गेलेले नोंदवलेले लोक धरले तर २९.५२. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे स्वित्झर्लंड-जर्मनीला गेलेली तरुण पिढी. ज्यांच्या नावाने लढाई झाली, तेच निघून गेले. २००१ च्या युद्धगुन्ह्यांच्या चार खटल्यांचे दप्तर हेगच्या न्यायालयाने स्कोपियेला परत पाठवले होते; २०११ मध्ये संसदेने माफीच्या कायद्याचा अर्थ लावून तेही मिटवले. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांवर हा उघड अन्याय आहे.

२८ जानेवारी २०२४ ला एकेकाळचे बंडखोर कमांडर तालात जाफेरी पंतप्रधान झाले. या पदावर बसलेले पहिले अल्बेनियन. सरकार काळजीवाहू होते, निवडणूक शंभर दिवसांवर. ८ मेच्या निकालात डीयूआयप्रणीत आघाडीला १८ जागा मिळाल्या; ‘व्लेन’ या अल्बेनियन आघाडीला १४, आणि तिच्या नेत्यांत डीयूआयमधून फुटलेले लोकही होते. नवे पंतप्रधान ह्रिस्तियान मित्सकोस्की यांनी ‘व्लेन’ला सोबत घेतले आणि १८ वाल्यांना बाहेर ठेवले. २००६ सारखेच. डीयूआयने निषेध केला, आरोप केले आणि आपली माणसे विरोधी बाकांवर बसवली.