पाणीपट्टीचा भार हलका कसा होईल?

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके पावसाचे. भाटघर, पानशेत व वरसगाव ही धरणे येथल्याच डोंगरांतील पाण्यावर भरतात. तथापि वैशाखात उंचावरील वाड्यांतील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. कारण उतार तीव्र व खडक कठीण असल्याने पावसाचे पाणी फारसे न मुरता वाहून जाते.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. डोंगराळ गावांसाठी गावांतर्गत कामाच्या खर्चाचा लोकवाटा ५ टक्के असून तो श्रमदानानेही देता येतो. परंतु नळ आला म्हणजे काम संपले असे नव्हे. पाणीपट्टी थकते, पंपाचे बिल तुंबते, वीज तोडली जाते आणि हंडा पुन्हा डोक्यावर येतो.

वस्तुतः विजेचा भार किती? १०० घरे, दर घरी ५ माणसे धरल्यास रोज २७,५०० लिटर पाणी लागेल. ते ५० मीटर चढविण्यास, पंपात निम्मी शक्ती वाया गेली तरी, सुमारे साडेसात युनिट वीज पुरते. म्हणजे दर घरी महिन्यास सव्वादोन युनिट! नऊ वॅटचा एक दिवा रोज आठ तास जाळल्यास जवळजवळ तेवढीच वीज लागते. मात्र निम्मे पाणी गळून गेले तर हाच खर्च दुप्पट होतो, आणि तो गरिबाच्याही माथी बसतो.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. पाणीपट्टीचे हप्ते हाती पैसा असेल त्या हंगामात घ्यावेत : शेतकऱ्याकडून भात विकल्यावर, भूमिहीनाकडून लावणीची मजुरी मिळते तेव्हा. फुटकी नळी व तोटी नसलेला नळ त्वरित दुरुस्त करावा. वाडीच्या वर बारमाही झरा असल्यास पाणी उतारानेच आणावे. दर दहा मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो व विजेचे बिलच येत नाही. जमाखर्च चावडीवर लावावा. आपला पैसा कोठे जातो हे दिसले, म्हणजे माणूस पट्टी भरण्यास मागे राहत नाही.