खार फुटण्याआधी
परसबाग खारपाणपट्ट्यातली : लेखांक ७

माघ सरत आला की भातकुलीत दोन गोष्टी बरोबरच दिसतात. शेतातला हरभरा सोंगणीला येतो आणि परसात हिवाळाभर जिथे पाणी दिलं तिथे मातीवर पांढरा खार फुटतो. हरभऱ्याकडे साऱ्यांचंच लक्ष असतं. या आठवड्यात खाराकडे पाहू, कारण उन्हाळी भाजीची आपली तयारी बियाण्याच्या दुकानात नव्हे, या पांढऱ्या पापडीपाशी सुरू होते.

मोबाइलवरचे बागकामाचे व्हिडिओ सांगतात, थंडी पुरती जाऊ द्या, मग लावा. बर्फ पडणाऱ्या मुलखात ते बरोबर आहे. वऱ्हाडात थंडी जाते आणि मागोमाग ऊन दारात उभं राहतं. जानेवारीच्या रात्री पारा कधी दहाच्याही खाली उतरतो, होळीपर्यंत दुपार पस्तिशीपुढे जाते आणि एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडते. भेंडीचं बी गार मातीत कुजतं. तिला माती विसाच्या वर तापलेली हवी. म्हणजे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर, एवढाच काय तो जेमतेम महिना हाती. मार्चच्या मध्यावर टोबलेली भेंडी उगवते, पण कोवळ्या वयातच उन्हाच्या तोंडी जाते.

त्यात आपली माती. पूर्णेचं खोरं म्हणजे खचलेल्या भूभागात साचलेला खोल गाळ. पाण्याला निचरा नाही, त्यामुळे पाण्यातले क्षार इथेच मुरले. हे पाणी किती खारं, तर 1930च्या सत्याग्रहात वऱ्हाडला समुद्र गाठावा लागला नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. वरुड-मोर्शीकडे संत्रा आणि भातकुली-दर्यापुराकडे कोरडवाहू मूग, तूर, कपाशी, हा फरक पुष्कळसा या पाण्याचाच.

ऊन तापू लागलं की काळ्या मातीच्या बारीक छिद्रांतून ओल वर चढते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं. मग हीच माती ओली असताना चिखल होते आणि वाळली की दगड. मूळ पाण्यावाचून मरतं तसं हवेवाचूनही मरतं.

म्हणून पहिलं काम खुरपं घेऊन वरची पापडी खरवडून काढण्याचं. ती उकिरड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी खतातून परत येईल. मग वाफा खणून पुरतं कुजलेलं शेणखत सढळ हातानं मिसळा. जिप्समचं काय, असं कोणी विचारेलच. सोडियम हटवायला जिप्सम खरंच कामाचं आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटलेलं सोडियम मुळांच्या खाली धुऊन न्यायला भरपूर गोडं पाणी लागतं, आणि फेब्रुवारीत ते आणायचं कुठून? मातीपरीक्षणात गरज दिसली तर जिप्सम मे महिन्याच्या शेवटी घाला. धुण्याचं काम पाऊस फुकट करून देतो.

आता राखेविषयी. चुलीची राख वाफ्यात टाकण्याची रीत जुनी, आणि आम्ल मातीत ती चांगलीही. आपली माती आधीच विम्ल आहे आणि राखही विम्लच. भातकुलीत राख भांडी घासायला ठेवा. कपडे धुतलेलं पाणी बागेला सोडण्याचंही तसंच. धुण्याच्या पावडरीत सोडियमच असतं. आणि घरात आरओ असेल तर त्याच्या बारक्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घाला, हा शहरी सल्ला इथे घातक आहे. मशीननं गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्या पाण्यात दाटून असतात. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी मात्र थेंबभरही सांडू नये.

पेरणीत एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर अर्धं यश अवलंबून आहे. सरीत पाणी दिलं की मीठ ओलीबरोबर वरंब्याच्या माथ्यावर जाऊन बसतं. आपण बी टोबतो नेमकं माथ्यावर. त्याऐवजी ते वरंब्याच्या बगलेला, ओलीच्या रेघेच्या जरा वर टोबा. उगवण हा रोपाचा सर्वांत नाजूक काळ. तेवढे आठ-दहा दिवस मिठापासून सुटले की पुढे रोप बरंच सोसतं. बी रात्रभर गोड्या पाण्यात भिजवावं आणि नेहमीपेक्षा दाट टाकावं, विरळणी मागाहून करता येते. रोज तांब्याभर शिंपडणं सर्वांत वाईट. त्यानं ओल खोल जात नाही, मीठ तेवढं वर साठतं. मोजकं पण मुरेल असं पाणी बुंध्याशी द्या आणि पानांवर खारं पाणी उडू देऊ नका. वर सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं थर घातला की ओल उडणं कमी होतं, अर्थात मीठ वर येणंही. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार गुरांनाच राहू द्या.

लावायचं काय? गवार मीठ चांगलं सोसते, पालक आणि बीटही. चवळी बऱ्यापैकी. भेंडी मध्यम, पण भेंडीवाचून आपला उन्हाळा जात नाही, म्हणून दोन ओळी असू द्या. ढेमसं, दोडकं, कारलं यांना निचऱ्याच्या पिशवीत जागा द्यावी. श्रावणघेवडा, कांदा, गाजर यांच्या वाटेला जाऊ नये. भेदरं तर आता मुळीच नको; फेब्रुवारीअखेर लावलेल्या रोपाला फुलं येतील ती एप्रिलात, आणि त्या उन्हात फूल गळतं, फळ धरत नाही. नर्सरीत मिळतात म्हणून लोक रोपं आणतात खरी.

वेलांची रोपं पिशवीत वाढवण्याचा आणखी एक फायदा. फेब्रुवारी 2018मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तशी केव्हाही होऊ शकते. आभाळ भरलं की पिशव्या ओसरीत ओढून घेता येतात. मांडवाला तुराट्या वापरा, पऱ्हाटी नको. तिच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते, आणि कपाशीवरचा पिठ्या ढेकूण भेंडीवरही तितक्याच आवडीनं चढतो. पऱ्हाटीच्या गंजीपासून वाफाही दूर असलेला बरा.

पुढच्या आठवड्यात छपरावरच्या पावसाचा हिशेब मांडू. तोवर आपल्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी तपासून घ्या. अहवालातला क्षारतेचा आकडा, म्हणजे ईसी, सव्वादोनच्या वर गेला तर ते पाणी वाफ्याला लावूच नका.