भोंग्यातला सूर, मायक्रोफोनजवळचा सूर

अमेरिकेतील इलेक्ट्रिक ब्लूज आणि स्वतःची गीते स्वतः रचून गिटारच्या हलक्या साथीवर गाणाऱ्या कवी-गायकांचे लोकसंगीत यांच्यातील फरक बहुधा ‘खडबडीत’ आणि ‘घोटीव’ या दोन विशेषणांत उरकला जातो, आणि त्यातून पहिल्या प्रकारात रियाज कमी व आवेश जास्त असतो असा समज नकळत रूढ होतो. हा समज अन्यायाचा आहे. गाणारा किती अंतरावरच्या श्रोत्याला उद्देशून गातो यावर आवाजाचा पोत बऱ्याच अंशी ठरतो. आणि याचा पडताळा घेण्यासाठी मराठी वाचकाला शिकागोपर्यंत जाण्याची गरज नाही, कारण घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतील शाहिरी आणि उपनगरांतील नाट्यगृहांत रंगणारे भावगीत यांच्यात हेच अंतर स्पष्ट ऐकू येते.

ब्लूज हे मूळचे अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे गाणे. त्यात बहुधा पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते व तिसरी ओळ तिला उत्तर देते, आणि गंधार व निषाद हे स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या अधेमधे कुठेतरी मुद्दाम वाकवून लावले जातात. मिसिसिपीतून 1943 साली शिकागोला आलेल्या मडी वॉटर्सने तेथील गजबजलेल्या दारूगुत्त्यांतील कोलाहलावर मात करण्यासाठी विजेवर चालणारी गिटार हाती घेतली, तर लिटल वॉल्टरने मायक्रोफोन माऊथ ऑर्गनला चिकटवून दोन्ही ओंजळीत धरले आणि ध्वनिवर्धकावर इतका ताण दिला की सूर फाटून खरखरीत झाला. ती खरखर पुढे या शैलीची ओळखच झाली, कारण ती पुसून टाकावी असे त्या वादकांना वाटलेच नाही.

सांगली जिल्ह्यातील वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईस आलेले शाहीर अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले, आणि घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, ज्याच्यापुढे कामगार मैदान आणि गिरणगावातील चौक हीच रंगमंदिरे होती. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि शाहिराची ओळ उचलून धरणारे झीलकरी एवढ्या सामग्रीवर हजारोंच्या जमावापर्यंत शब्द पोचवायचा, तर सूर वरच्या पट्टीत ठेवून अक्षर न् अक्षर ठोसपणे फेकावे लागते आणि श्वासाची जागा झीलकऱ्यांच्या ‘जी जी’मध्ये शोधावी लागते, ही सारी कारागिरीच आहे, फक्त बैठकीच्या मापाने ती मोजता येत नाही. सभांत भोंगा आल्यावर त्याच्या पत्र्याची धारही या आवाजात मिसळून गेली.

भावगीताने त्याच विजेचा नेमका उलट उपयोग केला. भावकवितेला चाल लावून गायिला जाणारा हा प्रकार ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्या आधाराने वाढला, आणि मायक्रोफोन ओठांजवळ आल्यामुळे गायकाला कुजबुजण्याइतका हळुवार सूर लावणे शक्य झाले. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची वळणावळणाची चाल आणि अरुण दाते यांचा मखमली आवाज यांचा मिलाफ एका घरातील एका श्रोत्यासाठी झालेला होता. पाश्चात्त्य कवी-गायकांच्या अधिक जवळ जातात ते संदीप खरे, ज्यांनी सलील कुलकर्णी यांच्यासह 2003 पासून ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम केला. कवीने स्वतः मंचावर येऊन आपले शब्द गावेत, ही गोष्ट भावगीताच्या परंपरेत तशी विरळाच होती. विलेपार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे अशा नाट्यगृहांच्या शांत अंधारात असे सूर खुलतात, आणि या नजाकतीला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

मुलुंडच्याच एका वस्तीत शाहीर विलास घोगरे राहत होते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात 10 जण मृत्युमुखी पडले, आणि त्या आघाताने खचलेल्या घोगरे यांनी चार दिवसांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या 2011 च्या माहितीपटात घोगरे यांचा आवाज ऐकला, म्हणजे तो रुक्ष कंठ सफाईने झाकला असता तर काय हरवले असते ते उमजते.

तरीही खडबडीत गाणे म्हणजे चळवळीचे आणि घोटीव गाणे म्हणजे मनातले, अशी वाटणी करता येत नाही. ब्लूजची कितीतरी गीते तुटलेल्या प्रेमाचीच आहेत, आणि अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत, म्हणजे लावणीच्या उडत्या चालीच्या एका प्रकारात, पोटासाठी मुंबईला आलेल्या नवऱ्याची बायकोविषयीची ओढ सुरुवातीला इतक्या बारकाईने येते की ते एखाद्या भावकवीचे काम वाटावे. पुढे तीच मैना संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारच्या मुलखाचे रूप घेते, आणि एका माणसाचा विरह भरल्या मैदानात सगळ्यांना म्हणता येईल असा होतो.