गॅस पाठीत जात नाही

पवारांच्या संस्थानांमुळे धार-देवासला स्थिरावलेल्या मराठी घरांत सुटीचा बेत म्हणजे पुष्कळदा दाल-बाफले. जाड कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा आणि शेवटी तुपात बुडवायचा. तुपामुळे जठर सावकाश रिकामे होते. गव्हातली आणि डाळीतली काही कर्बोदके लहान आतड्यात पचत नाहीत; मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात. त्यातून गॅस होतो.

‘गॅस पाठीत भरला’ असे आपण म्हणतो खरे, पण तो आतड्यातच असतो. बरगड्यांखाली मोठे आतडे वळते, तिथे तो अडकला की आतड्याची भिंत ताणली जाते. आतड्याच्या आणि पाठीच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच टापूत पोचतात, आणि मेंदू दुखण्याची जागा चुकीची ठरवतो. त्यामुळे पाठीला बाम चोळून फारसे काही साधत नाही.

त्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे चाला. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा, पवनमुक्तासन करा. ओवा-हिंग अनेकांना मानवतात. बाटलीतला सोडा मात्र नको. त्याने पोटात आणखी वायूच जातो.

ताप, उलट्या, लघवीची जळजळ, शौचातून रक्त किंवा पायांत बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पाठदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर गॅस समजून ओवा चघळत बसू नका. 108 ला फोन करा.